एका संख्येचे दोन शोध

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. बी.एड.च्या वर्गात आम्हाला सांगितले होते की धडा सुरू करण्याआधी मुलांचे कुतूहल जागे करावे. त्यासाठी माझ्याकडे काही वर्षे एक हमखास उपाय होता. फळ्यावर एक मोठी संख्या लिहायची : ९३,६३,५८४. तिच्या शेजारी दुसरी : ९४,३७,०५६. मग सांगायचे, "ये दो अदद आपस में दोस्त हैं. इनकी दोस्ती इराण के मुहम्मद बाकर यज्दी ने मालूम की. फिर फ्रान्स के देकार्त ने अपने नाम कर ली." मुलांचे चेहरे अधिक खुलावेत म्हणून शेवटी मी एक वाक्य जोडायचो, "चुरा ली, समझो."

मुले खूश व्हायची. वर्गात भिंतीवर एक तक्ता होता, त्यावरही हे वाक्य कोणीतरी सुंदर अक्षरात लिहून लावले होते. एके वर्षी नववीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, देकार्त को फारसी आती थी क्या?"

प्रश्न साधा होता. उत्तर माझ्याजवळ नव्हते. चोरी झाली असे म्हणायचे तर चोराच्या हाती ती वस्तू आली कशी, हे सांगता आले पाहिजे. "मालूम करके बताता हूँ," असे म्हणून मी पुढचा धडा सुरू केला. पण ती बाब मनातून जाईना. मग जे वाचले, जे करून पाहिले, ते इथे मांडतो आहे. माझ्यासारखे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी कुठल्या ना कुठल्या सभेत ऐकले असेल, कदाचित टाळ्याही वाजवल्या असतील.

आधी दोस्ती म्हणजे काय ते पाहू. एखाद्या संख्येला ज्या लहान संख्यांनी निःशेष भाग जातो ते तिचे विभाजक. २२० चे विभाजक घ्या : १, २, ४, ५, १०, ११, २०, २२, ४४, ५५ आणि ११०. यांची बेरीज २८४ येते. आता २८४ चे विभाजक घ्या : १, २, ४, ७१ आणि १४२. यांची बेरीज बरोबर २२०. म्हणजे पहिल्या संख्येचे तुकडे एकत्र केले की दुसरी उभी राहते आणि दुसरीचे तुकडे एकत्र केले की पहिली. मराठीत यांना मित्रसंख्या म्हणतात. अरबीत यांना 'अअदाद मुतहाब्बा' म्हणतात, म्हणजे एकमेकांवर प्रेम करणाऱ्या संख्या. 'हबीब' आणि 'मुहब्बत' हे शब्द ज्या धातूपासून आले, त्याच धातूपासून हा 'मुतहाब्बा'.

२२० आणि २८४ ही जोडी फार जुनी आहे. इ.स. ३०० च्या सुमारास आयाम्ब्लिखस नावाच्या ग्रीक लेखकाने तिचे श्रेय पायथागोरसला दिले. ग्रीकांनी या एका जोडीच्या पुढे पाऊल टाकल्याचे दिसत नाही. पुढे या जोडीची ओळख गणितापेक्षा जादूटोण्यात जास्त झाली. अबजदच्या हिशेबाने २२० म्हणजे 'रे' आणि 'काफ' (२०० आणि २०), तर २८४ म्हणजे 'रे', 'फे' आणि 'दाल' (२००, ८० आणि ४). ट्युनिस येथे १३३२ मध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूनने १३७७ मध्ये लिहिलेल्या मुकद्दमात या संख्यांचा उल्लेख तिलिस्म करणाऱ्यांच्या प्रकरणात केला आहे. दोघांत प्रेम उत्पन्न व्हावे म्हणून ते लोक या दोन संख्या कशा वापरतात, ते त्याने तिथे नोंदवले आहे. तावीजावरचे आकडे पाहिलेल्या आपल्या वाचकांना यात काही नवल वाटणार नाही.

परंतु त्याच अरबी भाषेत, इब्न खल्दूनच्या सुमारे पाचशे वर्षे आधी, एका माणसाने वेगळा प्रश्न विचारला होता. या संख्यांनी प्रेम जुळते का, हा त्याचा प्रश्न नव्हता. अशी दुसरी जोडी मिळवायची असेल तर तिचा नियम काय, हे त्याला हवे होते.

तो माणूस म्हणजे साबित इब्न कुर्रा. आजच्या तुर्कस्तानातल्या हर्रान गावचा. उर्दूत 'साबित करना' म्हणजे सिद्ध करणे, त्यामुळे हे नाव ऐकून माझ्या वर्गातली मुले नेहमी हसतात. जुन्या चरित्रकारांच्या सांगण्याप्रमाणे तो आधी सराफ होता, नाणी बदलून देण्याचा त्याचा धंदा. बगदादच्या बनू मूसा बंधूंपैकी मुहम्मद इब्न मूसा प्रवासातून परतताना त्याला भेटला, त्याची बुद्धी पाहून त्याला बगदादला घेऊन आला. साबितची मातृभाषा सुर्यानी, ग्रीक तो उत्तम जाणत असे आणि लिहीत असे अरबीत. युक्लिडच्या भूमितीचा अरबी अनुवाद त्याने तपासून सुधारला. निकोमाखसच्या अंकगणिताचाही त्याने अनुवाद केला. खलिफा मुतजिदच्या दरबारात त्याला मान होता. इ.स. ९०१ मध्ये तो बगदादला वारला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. साबित मुसलमान नव्हता. तो हर्रानच्या साबी पंथाचा होता, ज्यांच्या उपासनेत ग्रहताऱ्यांना स्थान होते. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात मात्र त्याचे नाव 'मुसलमान साइन्सदान' या मथळ्याखाली होते. बगदादचा खरा मोठेपणा या तक्त्यात झाकला गेला होता, असे मला आता वाटते. त्या शहराने सुर्यानी बोलणाऱ्या, वेगळ्या पंथाच्या एका सराफाला बोलावले, त्याला पुस्तके दिली, पगार दिला, दरबारात बसवले. त्याच्याकडून नमाज मागितली नाही, गणित मागितले. ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे, आणि साबितला बळेच आपल्या जमातीत ओढले की तीच हातून निसटते.

निकोमाखसने आपल्या पुस्तकात परिपूर्ण संख्यांविषयी लिहिले होते. म्हणजे ज्यांच्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच येते अशा ६ आणि २८ सारख्या संख्या. मित्रसंख्यांबद्दल कोणी काही सिद्ध करून ठेवलेले नाही, हे साबितने पाहिले आणि त्या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात दहा प्रमेये आहेत आणि शेवटी नियम आहे. आठवीतल्या मुलालाही तो करून पाहता येईल, म्हणून माझ्या शब्दांत सांगतो.

२, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ अशी दुपटीची रांग लिहा. प्रत्येकीला ३ ने गुणा आणि १ वजा करा. मिळतात ५, ११, २३, ४७, ९५, १९१, ३८३. आता या रांगेतल्या शेजारच्या दोन संख्या घ्या. दोन्ही मूळ संख्या असल्या पाहिजेत, म्हणजे १ आणि स्वतः सोडून त्यांना दुसऱ्या कशानेही भाग जाता कामा नये. मग दोघींमध्ये एकेक मिळवून गुणाकार करा आणि त्यातून १ वजा करा. ही तिसरी संख्यादेखील मूळ निघाली तर काम झाले. जोडीतली मोठी संख्या ज्या दुपटीवरून आली ती दुप्पट घ्या, तिने पहिल्या दोघींच्या गुणाकाराला गुणा, ही एक मित्रसंख्या. त्याच दुपटीने तिसरीला गुणा, ही दुसरी.

५ आणि ११ घेऊन पाहू. तिसरी संख्या ६ गुणिले १२ वजा १, म्हणजे ७१. तिन्ही मूळ. ११ आली ४ वरून. म्हणून ४ × ५ × ११ = २२० आणि ४ × ७१ = २८४. जुनीच जोडी हाती आली.

पुढे ११ आणि २३ घेतल्या तर तिसरी २८७ येते, पण २८७ म्हणजे ७ × ४१. जमले नाही. २३ आणि ४७ घेतल्या तर तिसरी ११५१ येते आणि ती मूळ आहे. ४७ आली १६ वरून. म्हणून १६ × २३ × ४७ = १७,२९६ आणि १६ × ११५१ = १८,४१६. ही दुसरी जोडी.

ही दुसरी जोडी स्पष्टपणे मांडलेली आढळते ती साबितनंतर सुमारे चारशे वर्षांनी, आणि तीही एकमेकांपासून हजारो कोस दूर असलेल्या दोघांकडे. एक मोरोक्कोतल्या मराकेश शहराचा इब्न अल-बन्ना (१२५६ ते १३२१). दुसरा इराणातला कमालुद्दीन फारसी (१२६७ ते सुमारे १३१९), ज्याने पाण्याने भरलेला काचेचा गोळा घेऊन इंद्रधनुष्याचे कोडे सोडवले. कमालुद्दीनच्या पुस्तकाचे नाव 'तज्किरतुल अहबाब', म्हणजे मित्रांसाठी टिपण. मित्रसंख्यांवरचे पुस्तक मित्रांना अर्पण करण्याची ही कल्पना मला फार आवडली. साबितचा नियम बरोबर आहे हे त्याला ठाऊक होते. तरी तो नियम वेगळ्या वाटेने सिद्ध करावा म्हणून कमालुद्दीनने संख्येचे मूळ अवयव कसे पडतात आणि त्यांच्या निवडीतून विभाजक कसे तयार होतात याचा बारकाईने अभ्यास केला. उत्तर माहीत असताना पुन्हा वाट शोधणे याला आपण आज वेळ घालवणे म्हणतो. त्याने त्यातून गणिताचे एक नवे दालन उघडले.

आता तिसऱ्या जोडीकडे येऊ. ४७ च्या पुढची ९५ म्हणजे ५ × १९, ती मूळ नाही. त्यामुळे ४७ आणि ९५ ही जोडी गेली, तशीच ९५ आणि १९१ हीदेखील. उरतात १९१ आणि ३८३. दोन्ही मूळ आहेत. तिसरी संख्या १९२ × ३८४ वजा १, म्हणजे ७३,७२७. ही मूळ आहे की नाही हे ठरवायला २७१ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे लागते. अशा संख्या ५८ आहेत. यंत्र नाही, छापील कोष्टक हाताशी नाही, कागदही स्वस्त नाही. भागाकारामागून भागाकार करायचे आणि दर वेळी बाकी उरते का ते पाहायचे.

हे काम केले मुहम्मद बाकर यज्दीने. सफवी राजवटीतल्या इराणमधला, यज्द गावचे नाव लावणारा, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातला हा गणिती. त्याच्या ग्रंथाचे नाव 'उयूनुल हिसाब', म्हणजे हिशेबाचे झरे. ७३,७२७ मूळ निघाली. ३८३ आली १२८ वरून. १२८ × १९१ × ३८३ केले की ९३,६३,५८४ येतात आणि १२८ × ७३,७२७ केले की ९४,३७,०५६. माझ्या फळ्यावरच्या त्या दोन संख्या या अशा जन्मल्या.

त्यांची दोस्ती तपासून पाहू. ९४,३७,०५६ ला फक्त १५ लहान विभाजक आहेत. १ पासून १२८ पर्यंतच्या आठ दुपटींची बेरीज २५५. उरलेले सात म्हणजे ७३,७२७ ला १, २, ४ पासून ६४ पर्यंत गुणून येणारे, त्यांची बेरीज ९३,६३,३२९. दोन्ही मिळवा : ९३,६३,५८४. उलट बाजूने ९३,६३,५८४ ला ३१ विभाजक आहेत आणि त्यांची बेरीज ९४,३७,०५६ भरते. यामागचे कारणही सुंदर आहे. संख्या स्वतः धरून सगळ्या विभाजकांची बेरीज केली तर पहिलीची २५५ × १९२ × ३८४ येते आणि दुसरीची २५५ × ७३,७२८. पण १९२ × ३८४ म्हणजेच ७३,७२८. तेव्हा दोन्ही बेरजा सारख्याच, १,८८,००,६४०. आणि आपल्या दोन संख्यांची बेरीज केली तरी नेमक्या इतक्याच येतात. यात जादू कुठेच नाही. साबितने नियम करताना ही समानता आधीच त्यात गुंफून ठेवली होती.

आता युरोपात काय चालले होते ते पाहू. २२० आणि २८४ ही जोडी तिथल्या गणितज्ञांना माहीत होती. १६३६ मध्ये तुलूझच्या न्यायसभेत काम करणाऱ्या पिएर फर्माने १७,२९६ आणि १८,४१६ ही जोडी पत्राने कळवली. १६३८ मध्ये रने देकार्तने ९३,६३,५८४ आणि ९४,३७,०५६ ही जोडी कळवली. तो मूळचा फ्रेंच, पण त्या काळात हॉलंडमध्ये राहत होता. दोन्ही पत्रे एकाच माणसाकडे गेली. पॅरिसच्या एका मठात राहणारे ते धर्मगुरू मारँ मर्सेन. फर्मा आणि देकार्त या दोघांनाही जो नियम सापडला तो साबितचाच होता, पण साबितचे पुस्तक त्यांच्या हाती पोचल्याचा पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. यज्दीचे तर नाहीच.

म्हणजे चोरी झाली, या माझ्या वाक्याला आधार नव्हता. मग तीच संख्या कशी आली? याचे उत्तर गणितातच आहे. हा नियम ज्याला सापडेल त्याला पहिल्यांदा २२० ची, मग १७,२९६ ची आणि मग ९३,६३,५८४ ची जोडीच भेटणार. वाटेत दुसरे मुक्कामच नाहीत. आज संगणकावर या रांगेत फार दूरपर्यंत शोध घेतला गेला आहे, तरी साबितच्या नियमाने चौथी जोडी मिळालेली नाही. तेव्हा मराकेशचा, इराणचा, तुलूझचा आणि हॉलंडचा माणूस त्याच संख्यांपाशी पोचला तर त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. संख्या कोणाच्या मालकीची नसते.

पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त टोचतो. एकदा सापडलेली गोष्ट पुन्हा शोधावी का लागली? यज्दी आणि देकार्त हे जवळजवळ समकालीन. त्या काळात डच व्यापारी इस्फहानला येत होते आणि इराणी रेशीम जहाजांत भरून हॉलंडला नेत होते, जिथे देकार्त राहत होता. म्हणजे इराणचे रेशीम देकार्तच्या दारापर्यंत जात होते, इराणचे गणित जात नव्हते.

कारण दोन्हीकडच्या व्यवस्थेत फरक होता. मर्सेन स्वतः काही फर्माइतके मोठे गणिती नव्हते. पण त्यांना एक छंद होता, पत्रे लिहिण्याचा. एकाने काही शोधले की ते दुसऱ्याला कळवायचे, तिसऱ्याला डिवचायचे, चौथ्याकडून उत्तर मागवायचे. फर्माची जोडी १६३६ मध्ये आली आणि दोन वर्षांत तिच्या पुढची जोडी देकार्तकडून आली, यामागे मर्सेन यांचा टपालाचा खर्च आहे. शिवाय तिथे छापखाने होते. इराणात यज्दीचा ग्रंथ हाताने नकलून घ्यावा लागे. ज्याला नक्कल मिळाली त्याच्या कपाटात ती राहिली.

इथे एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या १६३८ साली देकार्तचे पत्र गेले, त्याच साली इस्फहानच्या नव्या जुल्फा वस्तीत आर्मेनियन ख्रिस्ती लोकांनी आपल्या छापखान्यात स्तोत्रांचे पुस्तक छापले. म्हणजे छापण्याची कला यज्दीच्या देशात, राजधानीच्या शेजारच्या वस्तीत येऊन पोचली होती. पण फारसी पुस्तके इराणात छापली जाऊ लागली ती एकोणिसाव्या शतकात. या दोनशे वर्षांच्या विलंबाचा जाब देकार्तला विचारता येणार नाही. तो आपल्याला आपल्याच घरात विचारावा लागेल.

युरोपचीही चूक होती. ती नंतरच्या लोकांची. १७,२९६ ला फर्माची जोडी आणि ९३,६३,५८४ ला देकार्तची जोडी म्हणण्याची प्रथा पडली आणि पुस्तकांमागून पुस्तकांत तीच नावे गेली. ही चूक दाखवण्याचे कामही पोथ्या वाचणाऱ्या अभ्यासकांनीच केले. १८५२ मध्ये फ्रान्झ व्होप्के या जर्मन विद्वानाने साबितचा ग्रंथ फ्रेंचमधून जगापुढे आणला. कमालुद्दीनच्या ग्रंथाचे महत्त्व १९८० च्या दशकात रोश्दी राशेद यांनी दाखवून दिले. आज दुपटीला ३ ने गुणून १ वजा केलेल्या संख्यांना जगभर 'साबित संख्या' म्हणतात. हे सारे घोषणा देऊन झाले नाही. कोणीतरी धूळ झटकून, अरबी शिकून, एकेक पान वाचून काढले.

या कथेला आणखी दोन पाने आहेत. १७४७ मध्ये लिओनार्ड ऑयलरने एकदम तीस जोड्यांची यादी दिली, कारण त्याने साबितच्या वाटेबाहेर जाऊन शोधले. आणि १८६६ मध्ये इटलीतल्या सोळा वर्षांच्या निकोलो पागानिनी नावाच्या मुलाने १,१८४ आणि १,२१० ही जोडी दाखवली. ही जोडी किती लहान आहे पाहा! २२० च्या लगेच पुढची. साबित, कमालुद्दीन, यज्दी, फर्मा, देकार्त, ऑयलर यांपैकी कोणाच्याही हाती ती लागली नव्हती, कारण ती साबितच्या नियमात बसत नाही आणि ऑयलरच्या नजरेतूनही सुटली. आज संगणकाने एक अब्जाहून अधिक जोड्या शोधल्या आहेत. त्या कधी संपतात की संपतच नाहीत, हे मात्र आजही कोणाला सिद्ध करता आलेले नाही.

आपल्या समाजात पूर्वजांच्या ज्ञानाचा अभिमान का बाळगला जातो, हे मी जाणतो. पाठ्यपुस्तकात एकामागून एक युरोपीय नावे वाचणाऱ्या उर्दू शाळेतल्या मुलाला वाटू लागते की हे घर दुसऱ्यांचे आहे, आपण इथे पाहुणे आहोत. त्याला ख्वारिज्मीचे नाव सांगावे, यज्दीचे सांगावे. जरूर सांगावे. पण ख्वारिज्मीने आकडेमोडीवर जे पुस्तक लिहिले ते हिंदी हिशेबावर होते आणि ते आकडे हिंदुस्थानातून गेले होते, हेही त्याच दमात सांगावे. त्या पुस्तकाचा बाराव्या शतकात लॅटिन अनुवाद झाला आणि त्यातूनही युरोपातले लोक ते आकडे शिकले, हेही सांगावे. ज्ञान असेच या हातातून त्या हातात जाते. जो त्याला 'आमचे' म्हणून कुलूप लावतो त्याच्या घरात ते यज्दीच्या पोथीसारखे पडून राहते. आणि जो दुसऱ्याला पुराव्याशिवाय चोर म्हणतो, तो आपल्या मुलांना एक सोपी सबब शिकवतो : आपले सारे लुटले गेले, आता करण्यासारखे काही नाही. ती सबब मी स्वतः शिकवत होतो, याची मला लाज वाटते.

हे सारे समजून घेतल्यावर मी वर्गात गेलो आणि आधी सांगितले, "मैंने गलत कहा था. देकार्त को फारसी आती थी या नहीं, इससे काम नहीं चलेगा. उसने यज्दी की किताब देखी, इसका कोई सबूत नहीं है." वर्गात शांतता पसरली. शिक्षकाने चूक कबूल करण्याची मुलांना सवय नसते. मग ७३,७२७ फळ्यावर लिहिली आणि ५८ मूळ संख्या मुलांना वाटून दिल्या, प्रत्येकाच्या वाट्याला दोन. म्हटले, यज्दीने हे एकट्याने केले, आपण मिळून करू.

अर्धा तास नुसता पेन्सिलींचा आवाज येत होता. मध्येच एका मुलाने जाहीर केले की ७ ने पूर्ण भाग जातो. क्षणभर गोंधळ उडाला. शेजाऱ्याने त्याची वही ओढून घेतली, वजाबाकीची चूक दाखवली, बाकी ३ उरली. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीच्या वाट्याला शेवटच्या दोन संख्या आल्या होत्या, २६९ आणि २७१. तिने दोन्ही भागाकार दोनदा केले, मग उभी राहून सांगितले, "पहले में बाकी २१, दूसरे में १५. सर, मुफरद है."

सुट्टीत मुलांनी भिंतीवरचा तो तक्ता स्वतःच काढला. नव्या तक्त्यावर काय लिहायचे यावर बराच वाद झाला. शेवटी त्या मुलीच्या अक्षरात वर उर्दूत आणि खाली मराठीत एक ओळ लिहिली गेली : नियम हर्रानच्या साबितचा, संख्या इराणच्या यज्दीची आणि फ्रान्सच्या देकार्तचीही, पडताळा नववीच्या वर्गाचा.